लॉनला डीएपी कशाला?

प्रश्न: शेती काटोलला, घर वाडीला. घरासमोर दोन हजार चौरस फूट लॉन आहे. सोयाबीन पेरून उरलेलं पाचेक किलो डीएपी खत दर वर्षी लॉनवर फेकतो. शेजारचे काका म्हणतात, त्याने नागपूरच्या अंबाझरी तलावात शेवाळ वाढतं. खरं का?

उत्तर: काका बरोबर बोलले. डीएपीच्या पोत्यावर 18:46:0 छापलेलं असतं, त्यातला मधला आकडा स्फुरदाचा, म्हणजे ऑक्साइडच्या (P2O5) रूपात मोजलेल्या फॉस्फरसचा टक्का. पाच किलोत 2.3 किलो स्फुरद आलं, म्हणजे हेक्टरी हिशेबाने साधारण 124 किलो! सोयाबीनला आपण 75 सांगतो, आणि तिथून तुम्ही पोत्यांनी दाणे उचलता. लॉनवरून काय उचलता?

आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत स्फुरद खाली फारसं झिरपत नाही, मातीच्या कणाला धरून बसतं. म्हणून लोक निर्धास्त असतात. पण जुलैत झड लागली की तीच माती गढूळ पाण्यासोबत नालीत जाते. दाणे विरघळायच्या आत पाऊस कोसळला, तर खत थेटच वाहतं. तलावात एक ग्रॅम शुद्ध फॉस्फरसवर शंभर ग्रॅमच्या वर सुकं शेवाळ पोसू शकतं, आणि तुमच्या पाच किलो डीएपीत तो जवळपास एक किलो असतो. शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मग मासे मरून तरंगतात. तलावात सांडपाणीही जातं, सगळा दोष लॉनचा नाही. पण हे खत टाळणं तुमच्या हातात आहे.

रुजलेल्या हरळीला मुख्य भूक नत्राची. एवढ्या लॉनला एका वेळी एक किलो युरिया पुरे, तोही जोराच्या पावसाच्या तोंडावर नको. टाकून हलकं पाणी द्या. कापलेलं गवत तिथेच पसरू द्या. फरशीवर उडालेले दाणे झाडूने परत लॉनवर ढकला, पाइपाने धुऊ नका. कोंबडीखतातही स्फुरद भरपूर असतं, सेंद्रिय म्हणून हात सैल सोडू नका.

स्फुरद द्यायचंच तर नवं लॉन लावताना, मातीत मिसळून, किंवा माती परीक्षणात कमी निघालं तर. अमेरिकेतल्या मिनेसोटात 2005 पासून राज्यभर असाच कायदा आहे. नमुन्यासाठी आठ-दहा जागांची वीतभर खोलीची माती एकत्र करून अर्धा किलो तपासणीला आणा. उरलेलं डीएपी कोरड्या जागी, पोत्याचं तोंड घट्ट बांधून ठेवा. पुढच्या पेरणीला चालेल.