साडेतीननंतर फोन करा

प्रश्न : ताई, माझा मुलगा पुण्यात इंजिनिअर झाला आणि गेल्या आषाढात मुंबईला एका ट्रेडिंग कंपनीत लागला. कंपनी स्वतःच्याच पैशाने शेअर बाजारात व्यवहार करते, एवढंच मला कळतं. परवा फोनवर सहज म्हणाला, "आई, आज दीड लाख गेले." मला रात्रभर झोप नाही. माझ्या सासऱ्यांनी मटक्यापायी दोन एकर घालवली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ही नोकरी म्हणजे पगारी जुगार तर नाही ना? दुपारी फोन केला तर उचलतही नाही. दिवसभर करतो तरी काय?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी त्या दीड लाखाचं बघू, कारण झोप त्यानंच उडवलीय. ते पैसे तुमच्या मुलाचे नव्हते, कंपनीचे होते. आणि कंपनीनंही ते जाऊ शकतात हे सकाळीच धरलेलं असतं. टर्मिनल (सौदे टाकायचा संगणक) सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रेडरची मर्यादा ठरते : एका वेळी किती माल अंगावर ठेवायचा आणि दिवसात जास्तीत जास्त किती घालवायचे. ती मर्यादा ओलांडली की रिस्कची, म्हणजे जोखमीवर नजर ठेवणारी, माणसं त्याचं टर्मिनल बंद करतात. मी गेली अकरा वर्षं हेच काम करते, त्याआधी तेरा वर्षं डीलर, म्हणजे गिऱ्हाइकांचे सौदे टर्मिनलवर टाकणारी, होते. तुमच्या सासऱ्यांचं टर्मिनल बंद करणारं कुणी नव्हतं, ताई.

बार्शीत भुसार पेठ आहे, म्हणून तिथलंच सांगते. एखादा व्यापारी तुरीचा घेण्याचा भाव सांगतो, देण्याचा चार रुपये वर सांगतो, आणि दिवस मावळायच्या आत शक्यतो गोदाम रिकामं करतो. तूर महिन्यानं महागेल की स्वस्त होईल, यावर त्याचं पोट नसतं. ट्रेडिंग कंपन्यांचं बरंचसं काम याच जातीचं असतं. तोच शेअर आज रोखीत १००० रुपयांना आणि महिनाअखेरच्या वायद्यात (भाव आज ठरवून पुढच्या तारखेला पुरा करायच्या सौद्यात) १००६ला मिळत असेल, तर इकडे घ्यायचा, तिकडे विकायचा. मधल्या सहा रुपयांतून खर्च जाऊन उरेल ते आपलं. पूर्वी हे माणसं डोळ्यांनी हेरायची, आता बहुतेक ठिकाणी संगणकाचा प्रोग्रॅम हेरतो, म्हणूनच तुमच्या मुलासारखे इंजिनिअर घेतात. भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावणारे ट्रेडरही असतात, ते मी लपवत नाही. त्यांच्या कामात आणि जुगारात अंतर राहतं ते त्या मर्यादेमुळे.

दिवस कसा जातो? आठ-सव्वाआठला तो ऑफिसात असेल. बहुतेक डीलिंग रूममध्ये मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे तुमचा फोन तिथे कपाटात वाजत असणार. रात्री अमेरिकेचा बाजार कुठे बंद झाला, गिफ्ट निफ्टी (निफ्टी निर्देशांकाचा गुजरातेतल्या गिफ्ट सिटीत चालणारा वायदा) काय दाखवतोय, आज कुठल्या कंपनीचे निकाल आहेत, हे बघायचं. नऊला प्री-ओपन, म्हणजे उघडण्याचा भाव ठरवणारं सत्र, आणि सव्वानवाला बाजार. पहिल्या पंधरा मिनिटांत कुणी कुणाशी बोलत नाही. बाराच्या सुमारास डबा, तोही टर्मिनलसमोर. डाव्या हातात पोळीची गुंडाळी, उजवा कीबोर्डवर. साडेतीनला बाजार बंद होतो, पण सुटका होत नाही. सौदे एक्स्चेंजच्या फाइलशी जुळवायचे, नफा-तोटा काढायचा, उद्याचं मार्जिन (सौद्यांसाठी ठेवायची अनामत) बघायचं. साडेपाच-सहा वाजतातच. तेव्हा साडेतीनच्या आत फोन करू नका, आणि वायद्याची मुदत संपते त्या दिवशी तर सहानंतरच करा.

आता जे मला खरोखर सांगायचंय, ते माझ्यावरूनच सांगते. २००३ साल, फोर्टमधल्या एका दलालाकडे मी डीलर होते, पगार साडेसहा हजार. एका गिऱ्हाइकाचे सिमेंट कंपनीचे ५००० शेअर विकायचे होते. आमच्या टर्मिनलवर एफ-वन दाबलं की खरेदीची निळी खिडकी उघडते, एफ-टू दाबलं की विक्रीची लाल. एका कानाला फोन होता, समोर निळी खिडकी होती, आणि मी एंटर मारलं. ५००० विकायचे ते ५००० घेतले, १८२ रुपये २० पैशांनी. म्हणजे आता दहा हजार विकायचे होते आणि भाव घसरत होता. हातपाय गार पडले. शेजारी बसणारे गुजराती काका वीस वर्षं रिंगणात ओरडून सौदे केलेले. माझ्या तोंडाकडे बघूनच ते समजले. एवढंच म्हणाले, "पहले काट, फिर रोना." मी साहेबांना उभं राहून मोठ्यानं सांगितलं आणि दहा हजार शेअर काढले, सरासरी १७८.९० पडली. गिऱ्हाइकाला त्याचा १८२चा भाव द्यावाच लागला. सगळं मिळून ३२ हजार गेले. माझे जवळजवळ पाच पगार.

कंपनीनं त्यातले निम्मे माझ्याकडून कापले, महिना दोन हजार, आठ महिने. पैशाचं दुःख कधीच सरलं, पण तो निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणते. कारण पुढे काय झालं बघा. दोनच महिन्यांत आमच्यातल्या एका मुलाचा असाच सौदा उलटा पडला. माझे पगार कापलेले त्यानं पाहिले होते. तो गप्प बसला. भाव परत येईल म्हणून दुपारी तीनपर्यंत स्क्रीनकडे बघत राहिला. सकाळी अकराला सांगितलं असतं तर आठ-दहा हजारांत निभावलं असतं, ते तीनला लाखाच्या वर गेलं. दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी होती.

याच धंद्यात या लपवण्याचं जगप्रसिद्ध रूप आहे. बेअरिंग्ज ही १७६२ सालची इंग्रज बँक. तिच्या सिंगापूरच्या ऑफिसात निक लीसन नावाचा तरुण तोटा ८८८८८ नंबरच्या एरर अकाउंटमध्ये (चुकीचे सौदे टाकायच्या खात्यात) लपवत गेला. लपवाछपवीच्या सुरुवातीला होता एका नवख्या मुलीचा खरेदीऐवजी विक्री झालेला छोटा सौदा, अगदी माझ्यासारखा. फेब्रुवारी १९९५ मध्ये तो आकडा ८२ कोटी पौंडांच्या वर गेला आणि बँक बुडाली. त्यानंतर जगभर एक नियम घट्ट झाला : जो सौदे करतो, त्याच्याच हातात हिशेब द्यायचा नाही.

म्हणून, ताई, दीड लाख गेल्याचं पोरानं तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. उलट तो गप्प राहायला लागला, तर काळजी करा. पुढच्या फोनवर त्याला दोनच गोष्टी विचारा. एक, ऑफिसात कुणाची चूक झाली तर काय करतात? "सांगतो, सर तो सौदा काढून टाकायला लावतात, मग ओरडतात," असं म्हणाला तर जागा चांगली आहे. दोन, कंपनीनं तुझ्याकडून डिपॉझिट घेतलंय का? काही ठिकाणी पोरांकडून लाख-दोन लाख ठेव घेऊन त्यांना टर्मिनल देतात, आणि तोटा पहिल्यांदा त्या ठेवीतून वळता करतात. त्याला नोकरी म्हणू नका, पोराला परत बोलवा. स्वतःच्या खात्यावर रात्री कच्चं तेल, चांदी वगैरेचे सौदे करतो का, याकडेही लक्ष असू द्या. मोबाइलवर कमोडिटी बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो आणि तिथे त्याची मर्यादा ठरवणारं कुणी नाही.

"आज किती मिळाले?" असं मात्र विचारू नका. माझ्या आईनं तेवढं कधी विचारलं नाही. १७ मे २००४, सोमवार. सरकार बदलणार म्हणून बाजार असा कोसळला की एका दिवसात दोनदा व्यवहार थांबवावे लागले. गिऱ्हाइकं फोनवर रडत होती, आणि व्यवहार थांबलेला असताना आम्ही काहीही करू शकत नव्हतो. टर्मिनलवरचे आकडे गोठलेले, सगळे फोन एकदम वाजतायत. रात्री साडेनऊला डोंबिवलीला घरी पोचले. आईनं टीव्हीवर सगळं पाहिलं होतं. तिनं पिठलं गरम केलं आणि समोर बसून राहिली.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डीलर व्हायचंय, पण घरचे म्हणतात ते पुरुषांचं काम. परीक्षा कुठली द्यावी लागते?
– एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जची, म्हणजे शेअरच्या वायद्यांसारख्या सौद्यांची, परीक्षा दे, सिरीज आठ. नोंदणी केलीस की अभ्यासाचं पुस्तक मिळतं. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे खुणा करू नकोस. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. सोबत एक्सेल हाताखाली पक्कं कर, आणि जमलं तर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घे. नुसते सौदे पंच करणाऱ्या माणसांची गरज दरवर्षी कमी होतेय.

घरच्यांना माझं उदाहरण सांग. २००१ मध्ये आमच्या खोलीत तिसात दोघी होतो. बायकांचं स्वच्छतागृह दोन मजले वर, आणि बाजार चालू असताना टर्मिनल सोडायचं नाही. आम्ही दोघींनी ठरवलं होतं : एक गेली की दुसरी दोन्ही स्क्रीन बघणार. त्यासाठी मला तिचे सगळे सौदे पाठ असायचे आणि तिला माझे. आज माझ्या टीममध्ये नऊ जणांत चार मुली आहेत. मुलाखतीत तुला घाई करायला लावतील, भराभर आकडे विचारतील. ऐकू आलं नाही तर "पुन्हा सांगा" म्हण. गिऱ्हाइकाची ऑर्डर घेताना ती त्याला परत म्हणून दाखवायची, "पाचशे विकायचे, बरोबर?" ही सवय आतापासून लाव. ते संभाषण रेकॉर्ड होतं, आणि भांडण झालं की तेच ऐकवलं जातं.

प्रश्न : सहकारी बँकेतली नोकरी सोडून घरून ऑप्शन ट्रेडिंग करावं म्हणतो. वीस लाख मिळतील. कंपन्या कमावतात, मग मी का नाही?
– एक वाचक, परभणी

उत्तर : सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेनं सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला. वायदे आणि ऑप्शनमध्ये (ठरल्या भावानं घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांत) उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी १०० तले ९३ तोट्यात, आणि सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. त्याच अभ्यासात २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या कंपन्यांचा नफा, खर्च वजा जाण्याआधी, सुमारे ३३,००० कोटी, आणि त्यातला बहुतेक संगणकाच्या प्रोग्रॅमनं कमावलेला. तुम्ही घरी बसून एफ-वन दाबाल तेव्हा समोर ती यंत्रं असतील, आणि दुपारी दोन वाजता तुमचं टर्मिनल बंद करायला मी नसेन. राजीनामा दिला नसेल तर देऊ नका.