दौलत तुआंकू आणि दौलतजादा

प्रश्न असा आला आहे: ‘मलेशियाच्या राजाच्या राज्यारोहणाची मराठी बातमी वाचली. लोकांनी तीनदा “दौलत तुआंकू” असा घोष केला, म्हणजे “राजाची संपत्ती वाढो”, असं त्यात होतं. ही आपलीच दौलत का? आणि तुआंकू म्हणजे काय?’

दौलत आपलीच, पण दिलेला अर्थ साफ चूक. असला अर्थ वाचला की माझं डोकं तापतं, कारण दोष मलय भाषेचा नाही, आपल्या विसरभोळेपणाचा आहे. ‘धनदौलत’ या जोडशब्दाने आपल्या दौलतीची पार रया घालवली. पेशवाईतले कागद उघडून पाहा. तिथे ‘शिंद्यांची दौलत’ म्हणजे शिंद्यांचं राज्य, आणि ‘दौलतीचा बंदोबस्त’ म्हणजे राज्याचा. त्या काळच्या माणसाला ‘दौलत बुडाली’ असं सांगितलं असतं, तर त्याने तिजोरीकडे नाही, सरहद्दीकडे पाहिलं असतं.

मूळ शब्द अरबी. त्याच्या धातूचा अर्थ फिरणं, आलटून पालटून येणं. पाळी आली, फासे आपल्या बाजूने पडले, ती दौलत. अब्बासी खलिफांनी आपल्या राजवटीला हाच शब्द लावला: आता आमची पाळी. त्यातून राजवंश आणि राज्य हे अर्थ निघाले. ज्याची पाळी त्याचा पैसा, म्हणून संपत्ती हा अर्थ शेवटून आला आणि आधीच्यांना ढकलून घरात बसला. ‘दौलताबाद म्हणजे संपत्तीचं शहर’ हेही मी कानाआड करू शकत नाही. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये देवगिरीला राजधानी केली, तिथे त्याला सराफकट्टा उघडायचा नव्हता. ते राजसत्तेचं ठाणं, असंच मी वाचतो.

आता माझा लाडका शब्द, दौलतजादा. तमाशाच्या बैठकीत नाचणारणीवर पैसे उधळतात, त्याला हे नाव आहे. काही जाणकार हा ‘जादा’ शहजाद्यातला धरतात आणि ‘दौलतीचा पुत्र’ असा अर्थ लावतात. हे मला मुळीच पटत नाही. उधळलेल्या नोटेला पुत्र कशाला म्हणेल कोणी? हा आपला रोजचा जादा, ‘जादा गाडी सोडली’ मधला. ‘दौलत जियादा’, तुमची दौलत वाढो, ही देणाऱ्याला दिलेली दुवा. बोलणाऱ्यांनी दुवेचं नाव देणगीला लावलं. म्हणजे जो घोष क्वालालंपूरच्या राजवाड्यात होतो, त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडे ढोलकीच्या तालावर जगला. मला या शब्दाइतका आनंद फार थोड्या शब्दांनी दिला आहे.

मलय लोकांनी मात्र दौलतीला आणखी वर चढवलं. त्यांच्याकडे दौलत म्हणजे राजाच्या अंगी असलेलं दैवी तेज. त्याचा अवमान करणाऱ्यावर ती दौलत कोसळते. तिच्याविरुद्धचा गुन्हा म्हणजे ‘देरहाका’. हा आपला द्रोह, संस्कृत द्रोहकापासून गेलेला. एक शब्द अरबस्तानातून आला, दुसरा भारतातून गेला, आणि या दोघांच्या कात्रीत मलाक्का या मलय बंदर-राज्याच्या सुलतान महमूद शाहाचा सगळा जन्म सापडला.

महमूद 1488 मध्ये लहानपणीच गादीवर बसला. त्याच्या मुख्य प्रधानाचं पद ‘बेंदाहारा’ (यात भांडार ऐकू येतं ना?), आरमारप्रमुखाचं पद ‘लक्षमाना’, म्हणजे चक्क लक्ष्मण. 1509 मध्ये सिक्वेरा हा पोर्तुगीज कप्तान पाच जहाजं घेऊन आला. मलाक्क्याच्या दरबाराशी त्याचं फिसकटलं आणि त्याची काही माणसं कैद झाली. त्यानंतर वर्षभरातच सुलतानाने आपल्याच बेंदाहाराला, तुन मुताहिरला, मारवलं. तो गादी बळकावणार अशी चुगली झाली होती. ‘सजारा मलायु’ या मलय बखरीत राग आधीचा आहे: बेंदाहाराने आपली देखणी मुलगी तुन फातिमा सुलतानाला न दाखवता दुसऱ्याला दिली. सुलतानाची माणसं त्याची कट्यार घेऊन दारात आली, तेव्हा घरचे लोक लढायला उठले. बेंदाहाराने त्यांना थांबवलं. मलय माणूस कधी देरहाका करत नाही, असं म्हणून त्याने मरण पत्करलं. फातिमाचा नवराही मारला गेला आणि तिला राणी केलं गेलं. राजवाड्यात ती हसली नाही, असं बखर सांगते.

याच बखरीत आरंभी राजा आणि प्रजा यांचा एक करार आहे. प्रजेने द्रोह करायचा नाही आणि राजाने प्रजेची अब्रू घालवायची नाही. घालवली, तर राज्य नष्ट होईल. बेंदाहाराने आपली बाजू पाळली होती.

1511 च्या जुलैत पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क आला. सात महिन्यांपूर्वी यानेच आदिलशाहाकडून गोवा घेतला होता. लढाई झाली ती नदीवरच्या पुलासाठी. पोर्तुगीजांनी एक उंच जंक गलबत पुलाला भिडवायचं ठरवलं, ते वाळूत रुतलं, आणि भरतीची वाट पाहावी लागली. सुलतानाचे हत्ती भाल्यांनी जखमी होऊन आपल्याच माणसांत उलटे घुसले. ऑगस्टमध्ये शहर पडलं. मशिदींचे आणि राजघराण्याच्या थडग्यांचे दगड काढून तिथे पोर्तुगीज किल्ला उभा राहिला.

‘1511 मध्ये मलाक्क्याची सल्तनत संपली’ असं अनेक इतिहासकार लिहितात. शहर गेलं, एवढंच मी मान्य करतो. मलय भाषेत राज्याला ‘केराजाआन’ म्हणतात. मधला ‘राजा’ काढला तर त्या शब्दात काही उरत नाही. राजा असेल तिथे राज्य, दौलत राजासोबत चालते. महमूद आधी पहांगला गेला, मग बिंतान बेटावर राजधानी मांडून बसला. तिथून त्याने मलाक्क्यावर पुन्हा पुन्हा हल्ले केले, पोर्तुगीजांची रसद तोडली. पंधरा वर्षं हा माणूस थकला नाही. तो साधुसंत नव्हता. गादी ज्याला सोपवली होती त्या अहमद नावाच्या मुलालाही त्याने पराभवानंतर मारवलं. 1526 मध्ये पोर्तुगीजांनी बिंतान जाळलं आणि तो सुमात्रातल्या कंपारला निसटला. तिथेच 1528 मध्ये वारला. मेलेल्या राजाला ‘मरहूम’ लावून मृत्यूच्या गावाने ओळखायची तिकडे रीत आहे. त्यामुळे मलाक्क्याचा हा सुलतान ‘मरहूम कंपार’ झाला. न हसणाऱ्या फातिमाचा मुलगा अलाउद्दीन याने मलय द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला जोहोरचं राज्य उभं केलं. पुढे 1641 मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून मलाक्का घेतलं, तेव्हा जोहोरची माणसं डचांच्या बाजूने लढत होती.

याच वंशातला दुसरा महमूद शाह 1699 मध्ये पालखीत असताना आपल्याच सरदाराच्या हातून मारला गेला. त्या हत्येच्या गोष्टीबरोबर एक म्हण नेहमी सांगतात: ‘राजा आदिल राजा दिसम्बाह, राजा जालिम राजा दिसांग्गाह.’ आदिल राजाला वंदन, जालीम राजाला विरोध. यातले राजा, आदिल, जालीम हे तीन शब्द तर आपल्याला कोश न उघडता कळतात.

तुआंकू राहिलंच. तुआन म्हणजे धनी, कू म्हणजे माझा. बातमीत ‘धनी, आपली दौलत कायम राहो’ असं छापा, आणि दौलत तशीच ठेवा. तिच्या जागी संपत्ती घालू नका.