एखाद्या चित्रकारावरची डॉक्युमेंटरी बघून खरंच काही सुचतं का? कोणती बघावी?

सुचतं. नको तेही सुचतं. माझ्या पायी जिल्हा परिषदेच्या एका शाळेची वीस फूट भिंत बिघडली, म्हणून लिहायला बसलो.

एटीडीला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या डिप्लोमाला होतो तेव्हा सरांनी सत्यजित राय यांची 'द इनर आय' दाखवली. १९७२ सालची, जेमतेम वीस मिनिटांची. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी हा तिचा विषय. एक डोळा जन्मापासूनच निकामी, दुसरा अधू, आणि १९५६-५७ च्या सुमारास ऑपरेशननंतर होती नव्हती ती नजरही गेली. तरी माणूस काम करतोच आहे, बोटांनी चाचपत. पण खरं सांगतो, तेव्हा मला त्यातलं काहीच भिडलं नाही. डोक्यात बसलं ते एकच: शांतिनिकेतनमधल्याच हिंदी भवनातलं मध्ययुगीन संतांचं भलंमोठं भित्तिचित्र त्यांनी आधी काहीही न आखता थेट भिंतीवर काढलं.

झालं. त्याच महिन्यात माझ्या मावसभावाला, दादाला, शाळेच्या 'बोलक्या भिंतीं'चं काम मिळालं होतं. दादा बोर्ड पेंटर. नीळ लावलेल्या सुतळीने रेघ मारल्याशिवाय तो ब्रशला हात लावत नाही. तो दोन दिवस दुसऱ्या गावी गेला आणि मी डावीकडून दिंडी सुरू केली, थेट ब्रशने. पहिले वारकरी काय झोकात उतरले! टाळ, वीणा, पताका, सगळं ऐसपैस. निम्म्यात लक्षात आलं की भिंत संपत चालली आहे. मग वारकरी बारीक होत गेले. शेवटी विठोबाला दाराशेजारी दीड फूट जागा उरली आणि ते दार बाहेर उघडतं. म्हणजे शाळा भरली की विठोबा गायब. हेडमास्तरांनी पाचशे रुपये कापले, दादाच्या वाट्याचे. घरातल्या प्रत्येक लग्नात हा किस्सा निघतो आणि शेवटी दादाचं ठरलेलं वाक्य येतं, "सिनेमे बघून चित्रं येत नाहीत."

हे मला मान्य नाही. चूक सिनेमाची नव्हती, मी अर्धाच बघितला होता. हिंदी भवनातलं ते काम १९४६-४७ चं, तेव्हा बिनोदबाबू चाळिशी ओलांडलेले. त्याआधी जपानला जाऊन आलेले, आयुष्यभर रेषा घोटलेली. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, तो वाळायच्या आत रंग लागला पाहिजे, तिथे घोळ घालायला सवड नसते. माझ्याकडे होतं डिस्टेंपर आणि वय वर्षं वीस.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर बहुतेक अशा फिल्म म्हणजे सत्कार समारंभ असतात. चार जण खुर्चीत बसून 'महान, महान' म्हणतात. त्या सोडून द्या. ज्यात हात दिसतात त्या बघा. राय स्वतः १९४० ते ४२ शांतिनिकेतनच्या कला भवनात, म्हणजे तिथल्या कलाशाळेत, बिनोदबाबूंचे विद्यार्थी होते, म्हणून कुठे बघायचं ते त्यांना ठाऊक होतं. एकदा बघून मात्र ब्रश उचलू नका. पाच-सहा वेळा बघा. आणि हो, पैसे घेऊन दुसऱ्याची भिंत रंगवत असाल तर गुपचूप आखून घ्या, तिथे दादाचंच ऐका.

यंदा दिवाळीत त्याला मोबाइलवर फिल्म दाखवली. वीस मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "खडूच्या रेघा नंतर पुसल्या असतील रे."

आता ओल्या चुन्यावर खडू कुठला चालतो? तीस वर्षं भिंती रंगवणाऱ्या माणसाला हे मी सांगायचं?