वायफाय असूनही डेटाचं बिल का येतं?

प्रश्न : माझं पोस्टपेड कनेक्शन आहे. घरी, ऑफिसात वायफाय असतं, तरी या महिन्याच्या बिलात जादा डेटाची मोठी रक्कम लागली आहे. तपशिलात रोज रात्री दोनच्या नोंदी दिसतात. तेव्हा तर मी झोपलेली असते. ही कंपनीची चूक समजायची का?

उत्तर : चूक असू शकते, पण आधी फोन तपासा. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा रोजचा बॅकअप रात्री दोनच्या सुमारास होतो. त्या वेळी राउटर बंद असेल आणि मोबाइल डेटावर बॅकअपची परवानगी दिलेली असेल, तर सगळे फोटो-व्हिडिओ तुमच्या पॅकमधून वर चढतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडा आणि मोबाइल डेटावर बॅकअप घेण्याचं बटण बंद करा. गुगल फोटोजमध्येही तसंच बटण आहे, तेही पाहा. डाउनलोडइतकंच अपलोडही मोजलं जातं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दिवसा वायफाय कमजोर झालं की फोन न विचारता मोबाइल डेटावर जातो. आयफोनमध्ये याला वायफाय असिस्ट म्हणतात. मोबाइल डेटाच्या पानावर अगदी खाली ते सापडेल. सॅमसंगमध्ये ‘स्विच टु मोबाइल डेटा’ शोधा. हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडत असाल, तर विंडोजमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवा, म्हणजे मोठे अपडेट आपोआप उतरत नाहीत.

बिल आणि फोनमधला आकडा ताडून पाहताना तारखा जुळवा. अँड्रॉइडमध्ये बिलाची तारीख घालता येते आणि डेटा लिमिटही लावता येते. ती पॅकपेक्षा थोडी कमीच ठेवा, कारण कंपनीची मोजणी फोनशी तंतोतंत जुळत नाही. आयफोनमधला ‘चालू कालावधी’ दरमहा आपोआप शून्य होत नाही. बिलाच्या दिवशी तुम्हीच रीसेट करा.

प्रश्न : हप्त्यावर फोन आणि दोन वर्षांचा प्लॅन एकत्र घेतोय. करारात नेमकं काय वाचू?

उत्तर : सर्वात आधी डेटा संपल्यावर काय होतं ते. नेट थांबतं, मंद होतं, की पैसे लागत राहतात? पैसे लागत असतील तर मोजणीचं एकक शोधा. दर सेशन, म्हणजे नेट एकदा जोडल्यापासून तुटेपर्यंतचा वापर, पुढच्या पूर्ण 1 एमबीपर्यंत मोजायचं असं लिहिलं असेल, तर 20 केबीची 40 सेशन म्हणजे खरा वापर 800 केबी, आकारणी मात्र 40 एमबीची!

फोनचे हप्ते आणि सेवेची मुदत हे बहुधा दोन वेगळे करार असतात. सेवा सोडली तरी उरलेले हप्ते राहतातच, कधी एकरकमी भरावे लागतात. सवलत कोणत्या महिन्यात संपते आणि मुदतीनंतर करार आपोआप वाढतो का, हेही विचारा. विमानातलं आणि जहाजावरचं नेटवर्क नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा येत नाही. तिथे एअरप्लेन मोडच बरा.

बिलावर हरकत असेल तर मुदतीच्या आत लेखी कळवा, डेटाच्या नोंदी मागा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. फोनवर कुणी ‘रक्कम कमी करून देतो’ म्हणालं, तर तेच ईमेलवर लिहून घ्या.