पहिलं पुस्तक ‘फ्रेडरिका’च घ्या

हलकीफुलकी ब्रिटिश प्रेमकथा पहिल्यांदाच वाचणार असाल, तर जॉर्जेट हेयरची ‘फ्रेडरिका’ (१९६५) घ्या. काळ रीजन्सीचा, म्हणजे राजाऐवजी युवराज ब्रिटनचा कारभार पाहत होता तो, साधारण १८११ ते १८२०. बग्ग्या, टोप्या, सरदारी पदव्या यांनी सुरुवातीला गोंधळायला होईल. अर्थ शोधत थांबू नका. लंडनच्या ग्रीन पार्कात नायिका फ्रेडरिकाच्या घरचा दांडगा कुत्रा लुफ्रा गायींच्या मागे लागतो आणि तो दुर्मीळ बलुचिस्तानी कुत्रा असल्याचं कथेचा नायक, एक आळशी मार्क्विस (बडा सरदार), गंभीरपणे ठोकून देतो, तिथं हसू आलं की पुस्तक तुमचं झालं.

प्रेमाची कबुली फार उशिरा येते. पण फ्रेडरिकाचा धाकटा भाऊ फेलिक्स तापाने फणफणतो, तेव्हा हाच आळशी मार्क्विस त्याची शुश्रूषा करतो, ती पानं सावकाश वाचा. आजारपणातल्या जागरणात मला हीच कादंबरी लागते. हेयरनेही आपली पहिली गोष्ट आजारी भावाला रमवायलाच रचली होती.