टिटवीचं घरटं ओळखणाऱ्याला दहावी करायची आहे

दादा, नमस्कार.

नान्नजजवळच्या वस्तीवरून आलेल्या तुमच्या पत्रात अक्षर भाचीचं आहे, पण बोलणं तुमचंच. वय 34, शाळा चौथीत सुटली, लहानपणी वडिलांबरोबर माळ पालथा घातला, आता सोलापुरात गवंडीकाम करता. दहावी व्हायचंय आणि माळढोक अभयारण्यात वाटाड्या व्हायचंय. शेवटी विचारलंय, "आम्ही फासेपारधी. माळावरचं जे येतं ते कागदावर लिहिलं तर अंगाशी येईल का?"

आधी याचंच उत्तर देते, कारण ही भीती खरी आहे. 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. तो 1952 मध्ये रद्द झाला, संशय मात्र मागे राहिला. शिवाय 1972 पासून शिकारीला बंदी घालणारा वन्यजीव कायदा आहे. म्हणून किती तितर धरले, हा हिशेब कुठेच लिहायचा नाही, आणि त्याची गरजही नाही. लिहायचं ते ओळखीचं: माग लांडग्याचा की कुत्र्याचा, काळवीट इथून कधी गेलं, टिटवी माणसाला घरट्यापासून लांब कशी नेते. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात पारधी तरुण याच ज्ञानावर पर्यटकांना वाट दाखवतात.

यासाठी एक वही करा. तुम्ही तुमच्या बोलीत फोनवर बोला, भाची उतरवून घेईल. पाखरांची पारधी नावं आधी, मराठी शेजारी. मग वनरक्षकाला एक दिवस सोबत फिरवा आणि त्यानं जे पाहिलं ते त्याच्याकडून लिहून घ्या.

आता कागदांचं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'आरपीएल' असतं, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा. काम करून दाखवायचं, तोंडी उत्तरं द्यायची, उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र. गवंडीकामासाठी हे सरळ आहे. वाटाड्यासाठी सध्या परीक्षा आहे का, हे योजनेच्या प्रशिक्षण केंद्रात आधी विचारा, आणि परीक्षा मराठीत मागा. पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका. आणि हे नीट ध्यानात ठेवा, या प्रमाणपत्रानं दहावी होत नाही.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. मराठी माध्यम आहे, पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी. आठवीचा दाखला नसेल तर स्वतः लिहून दिलेलं चालतं. तरी माझं मत वेगळं आहे. चौथीनंतर एकदम दहावीची पुस्तकं हातात घेतलीत तर दोन महिन्यांत बाजूला पडतील, असं मी अनेकांचं पाहिलंय. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची आठवी आधी करा, हाताला लिहिण्याची सवय होऊ द्या. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, त्यामुळे शुल्कात सवलत मिळते. जातीचा दाखला नसेल तर त्याचा अर्ज याच आठवड्यात करा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

वहीचं पहिलं पान टिटवीचं असू द्या. पत्रात तुम्ही सुरू केलेली तिच्या घरट्याची गोष्ट अर्धीच राहिली आहे.