आधी माप, मग उत्तरं

प्रिय मित्रा,

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस: पुरुष म्हणून पहिला स्कर्ट कोणता घेऊ, आणि तो का घातला असं विचारणाऱ्या लोकांना काय सांगू. लोकांविषयी तू पानंच्या पानं लिहिलीस आणि स्कर्टविषयी जेमतेम दोन ओळी. मी उलट करणार आहे. रोज स्कर्ट घालून कामाला जायचं असेल, तर वादात जिंकण्यापेक्षा कपडा अंगावर नीट बसणं जास्त उपयोगी पडतं. हात सारखा कमरेकडे जात असेल, बसताना धांदल उडत असेल, तर ते अवघडलेपण चेहऱ्यावर दिसतं आणि बघणाऱ्याच्या लक्षात आधी तेच येतं.

मापापासून सुरुवात कर. पँटचा नंबर इथे चालत नाही. पँट आपण बेंबीच्या बऱ्याच खाली घालतो. पुष्कळ स्कर्ट त्याहून वर बसतात. टेप घे आणि दोन मापं लिहून ठेव: स्कर्ट जिथे बसणार तिथली कमर, आणि शिंपी ज्याला सीट म्हणतात तो सगळ्यांत रुंद भाग. तयार स्कर्ट बहुतेक बायकांच्या अंगासाठी कापलेले असतात, म्हणजे कमर आणि सीट यांत बराच फरक धरून. पुरुषांत हा फरक सहसा कमी असतो. त्यामुळे कमरेला बरोबर आलेला स्कर्ट सीटवर सैल पडतो, आणि सीटवर नेमका बसणारा कमरेला आवळतो. तू कमरेच्या मापाने घे आणि बाजूच्या शिवणी आत घेऊन सीट कमी करून घे. शिवण आत घेता येते. सोडायची म्हटलं तर तयार कपड्यात तेवढं कापडच ठेवलेलं नसतं.

आता आकार. पेन्सिल स्कर्ट पहिल्यांदा नको. त्याला घेर नसतो, पाऊल लांब टाकता येत नाही आणि जिन्यावर त्रास होतो. ए-लाइन घे, म्हणजे कमरेला नेमका आणि खाली घेर वाढत जाणारा, नाहीतर प्लेट्सचा. प्लेट्स कशा असाव्यात हे समजून घ्यायचं असेल तर स्कॉटलंडचा किल्ट, म्हणजे तिथल्या पुरुषांचा पारंपरिक स्कर्ट, नीट बघ. पुढचा भाग सपाट, सगळ्या प्लेट्स मागे. पारंपरिक पूर्ण किल्टला साधारण ८ यार्ड, म्हणजे ७ मीटरच्या वर लोकरी कापड लागतं. त्या वजनामुळे तो सरळ पडतो आणि थोड्याथोडक्या वाऱ्याला दाद देत नाही. पाऊल पडलं की मागच्या प्लेट्स उघडतात आणि लगेच मिटतात. तुला एवढं कापड नको, पण तत्त्व तेच ठेव: कापडाला वजन हवं. डेनिम, ट्विल, जाडसर लिनन उत्तम. पातळ कापडाचा स्कर्ट हँगरवर फार देखणा दिसतो आणि रस्त्यावर पहिल्याच झुळकीला उडतो. पॉलिएस्टर असेल तर अस्तर लावून घे, नाहीतर चालताना पायांना चिकटतं.

उंची गुडघ्याच्या मध्यापर्यंत ठेव, नाहीतर सरळ घोट्याच्या जरा वर. पोटरी जिथे सगळ्यांत जाड असते तिथे स्कर्ट संपला की पाय आखूड दिसतात, असं माझं मत आहे. खाली जाड मोजे आणि भक्कम बूट घाल. आत मांडीपर्यंत येणारी घट्ट शॉर्ट्स हवीच. उकाड्यात तासभर चाललास की मांड्या घासून कातडी सोलवटते, आणि हे कोणी आधी सांगत नाही. बसताना मागून हात फिरवून कापड सपाट करायचं आणि मगच टेकायचं. ही हालचाल घरी खुर्चीवर, जमिनीवर, पायरीवर इतक्या वेळा कर की हात आपोआप जायला हवा. खिसे नसलेला स्कर्ट घेऊ नकोस, किंवा त्याला खिसे शिवून घे.

तू नटांचे फोटो पाठवलेस. हॉलिवूडच्या ब्रॅड पिटने २०२२ मध्ये बर्लिनला लिननचा स्कर्ट घातला आणि कारण विचारल्यावर वाऱ्याची झुळूक म्हणाला. कारण मला पटतं, पण त्याला त्या कपड्यात गर्दीच्या बसने घरी जायचं नव्हतं. फॅशनच्या मंचावर ही गोष्ट जुनी आहे: फ्रेंच डिझायनर जाँ पॉल गोतिएने पुरुषांसाठी स्कर्ट आणले त्या संग्रहाचं साल १९८५, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने पुरुषांच्या स्कर्टवर २००३ मध्ये अख्खं प्रदर्शन भरवलं. तरी रस्त्यावर स्कर्टमधला पुरुष विरळाच. मंचावरचा कपडा बघून विसरला जातो, शेजाऱ्याच्या अंगावरचा रोज दिसतो. सवय त्यानेच होते.

मला जास्त जवळचे वाटतात ते फ्रान्समधल्या नांत शहरातले बसचालक. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांना शॉर्ट्स घालायला मनाई होती आणि बायकांना स्कर्टची मुभा होती, म्हणून ते स्कर्ट घालून कामावर आले. पण त्यांना हवी होती शॉर्ट्स. तुला स्कर्टच हवाय, तो तुला आवडतो म्हणून. निषेधाचा स्कर्ट मागणी मान्य झाली की कपाटात जातो. तुझा पुढच्या सोमवारीही अंगावर असणार. म्हणून रोज कोणाला काही पटवून द्यायची जबाबदारी स्वतःवर घेऊ नकोस, थकशील.

हसणाऱ्यांना उत्तर देत बसू नकोस. कोणी खरंच कुतूहलाने विचारलं तर ‘मला आवडतो’ एवढं पुरे. एका प्रश्नाबाबत मात्र मी आग्रही आहे. ‘तू गे आहेस का?’ असं कोणी ना कोणी विचारेलच. तू असशील किंवा नसशील, ते सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. पण कोणी आळ घेतल्यासारखं ‘छे छे, मी तसला नाही’ असं झटकून टाकू नकोस. स्कर्टवरून माणसाचं प्रेम कळत नाही, आणि त्या ‘तसला’मध्ये ज्यांचा अपमान होतो त्यातलाच एखादा तिथे गप्प उभा असू शकतो.

कामाच्या ठिकाणी पोशाखाचा लेखी नियम मागून घे आणि नीट वाच. तोंडी ‘चालणार नाही’ आणि लिहिलेलं ‘चालणार नाही’ यांत पुष्कळदा अंतर असतं. नियमांचंही कायमचं काही नसतं: १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना किल्टसकट त्यांचा पोशाख घालायला बंदी झाली, सैन्यातल्यांना तेवढी सूट होती. पहिल्याच गुन्ह्याला ६ महिने कैद. १७८२ मध्ये तो कायदा रद्द झाला, आणि आज लग्नात नवरामुलगा तोच किल्ट मानाने घालतो.

सगळीकडे एकाच दिवशी घालायला हवा असंही नाही. रात्री एकट्याने परतायचं असेल, रस्ता ओळखीचा नसेल, तर पँट घाल. त्यात माघार वगैरे काही नाही. अंगाला इजा होऊ न देणं आधी येतं. आईवडिलांना मात्र दुसऱ्याकडून कळायच्या आत तूच दाखव. घालूनच दाखव, नुसतं बोलून नको, म्हणजे त्यांना काय ते डोळ्यांनी दिसेल.

तुझी कमर आणि सीट, दोन्ही मापं सेंटीमीटरमध्ये कळव. कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतची उंचीही घे. ती उभं राहून, दुसऱ्या कोणाकडून मोजून घे, स्वतः वाकलास की चुकते. मापं आली की प्लेट्सचा घ्यायचा की ए-लाइन ते ठरवू.

तुझा,
काका